एका पल्सरच्या साक्षीवर गुरुत्वीय लहर का ठरत नाही?

खानापूरचा एक विद्यार्थी सध्या बेळगावात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मला विचारलेला प्रश्न असा: "मिलिसेकंद पल्सर अणुघड्याळाच्या तोडीचा नियमित असतो, असे आम्ही शिकलो. मग गुरुत्वीय लहर आली की त्याची स्पंदने मागेपुढे होतील आणि ते एकाच पल्सरवरून कळायला हवे. त्यासाठी पन्नास-साठ पल्सर आणि पंधरा-वीस वर्षे कशाला लागतात? आणि २०२३ मध्ये या लहरींची एवढी घोषणा होऊनही शास्त्रज्ञ 'शोध' न म्हणता 'पुरावा' असे का म्हणतात?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. पल्सर म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा; त्याच्या रेडिओलहरींचा झोत प्रत्येक फेरीत पृथ्वीवरून जातो, तेच आपल्याला मिळणारे स्पंदन. मिलिसेकंद पल्सराची एक फेरी काही मिलिसेकंदांचीच. पल्सरचे स्पंदन उशिरा किंवा लवकर येण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतले सर्वांत क्षीण कारण म्हणजे गुरुत्वीय लहर, अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी. एका पल्सरची नोंद कितीही स्वच्छ असली, तरी तिच्यातील फरक कोणत्या कारणाचा आहे हे ती नोंद स्वतः सांगू शकत नाही. ते कळते जोड्यांवरून, म्हणजे आकाशातील दोन वेगवेगळ्या दिशांचे पल्सर एकाच काळात कसे वागले हे ताडून पाहिल्यावर. मी मूळचा निपाणीकडचा असून बरीच वर्षे पल्सरच्या वेळा मोजण्याचेच काम करीत आलो आहे, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

आधी मोजमाप कसे होते ते पाहू. पीएसआर जे१९०९-३७४४ या पल्सरचा फिरण्याचा काळ सुमारे २.९४७ मिलिसेकंद आहे, म्हणजे तो दिवसाला जवळपास २ कोटी ९३ लाख फेऱ्या मारतो. त्याचे एकेक स्पंदन इतके दुर्बळ असते की ते दुर्बिणीच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जाते. म्हणून अर्धा-पाऊण तास निरीक्षण करून लक्षावधी स्पंदने त्याच्या ज्ञात आवर्तनकाळानुसार एकावर एक रचली जातात. त्यातून जो सरासरी आकार तयार होतो, तो एका प्रमाण आकाराशी जुळवून त्या दिवशीची 'आगमनवेळ' ठरवतात. मग त्या पल्सरच्या संपूर्ण प्रतिमानावरून, म्हणजे त्याचे फिरणे, स्थान, चाल आणि कक्षा यांच्या गणिती वर्णनावरून, तीच वेळ किती असायला हवी होती ते काढतात आणि दोहोंतली वजाबाकी करतात. जे उरते त्याला आम्ही आपसात रेसिड्युअल म्हणतो. जमाखर्चाच्या वहीतला शब्द वापरायचा तर ती शिल्लक. आमचे सगळे काम या शिलकीवर चालते. पंधरा वर्षांत हा पल्सर सुमारे १६ हजार कोटी फेऱ्या मारतो आणि त्यांतली एकही फेरी मोजणीतून निसटून चालत नाही. ती निसटत नाही, यातच या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

आता या शिलकीत काय काय दडलेले असते ते पाहा, कारण खरी गंमत तेथेच आहे. पल्सरचा आवर्तनकाळ किंचित चुकीचा धरला, तर शिल्लक सरळ रेषेत चढत किंवा उतरत जाते. तो काळ वाढण्याचा वेग चुकीचा धरला, तर तिला परवलयाचा बाक येतो. आकाशातील स्थान चुकले, तर बरोबर एका वर्षाचा हेलकावा दिसतो, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्या पल्सरच्या कधी जवळ जाते, तर कधी दूर. पल्सरची आकाशातली स्वतःची चाल चुकली, तर तोच वार्षिक हेलकावा दरवर्षी मोठा होत जातो. अंतर चुकले, तर सहा महिन्यांचा बारीक हेलकावा उरतो. पल्सरला जोडीदार तारा असेल, तर त्याच्या कक्षेच्या प्रत्येक घटकाची खूण आणखी वेगळी. सरावलेला माणूस आलेखाकडे नुसते पाहून 'स्थान चुकलेय' किंवा 'कक्षा बघ' असे सांगू शकतो.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. आवर्तनकाळ आणि तो वाढण्याचा वेग हे दोन्ही आपल्याला त्याच नोंदींवरून ठरवावे लागतात, म्हणून गुरुत्वीय लहरीचा जो भाग निरीक्षणाच्या एकूण कालावधीहून संथ आहे, तो सरळ रेषेच्या व परवलयाच्या रूपाने प्रतिमानात जिरून जातो. स्थान ठरवताना एका वर्षाच्या आवर्तनाची लहर गिळली जाते, म्हणजे सुमारे ३२ नॅनोहर्ट्झ या वारंवारतेला आपण जवळपास बहिरे असतो. पंधरा वर्षे का लागतात, याचे पहिले कारण हे. ज्या लहरींचे एक आवर्तनच दहा-पंधरा वर्षांचे आहे, त्या ऐकायच्या तर तेवढा काळ थांबणे भाग आहे. तेथे मोठी दुर्बीण किंवा वेगवान संगणक उपयोगी पडत नाही. अमेरिकेतल्या लायगो या वेधयंत्राने पकडलेली, आपल्याला ठाऊक असलेली लहर, जी प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदली गेली, ती सेकंदाच्या अंशात संपली होती. ती प्रत्येकी सुमारे तीस सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांची होती. आम्ही जिच्या मागे आहोत ती दीर्घिकांच्या केंद्रांतील, कोट्यवधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्यांची आहे. त्या जोड्या एकमेकींभोवती वर्षानुवर्षांच्या संथ गतीने फिरतात आणि विश्वभरातल्या अशा असंख्य जोड्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून एक सततची गुणगुण तयार होते. एका पल्सरच्या नोंदीत तिचा परिणाम शंभर ते काहीशे नॅनोसेकंदांचा.

शंभर नॅनोसेकंदांत प्रकाश फक्त ३० मीटर जातो. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचे वाचा.

आपल्या वाटेत पहिला अडथळा येतो तो ताऱ्यांमधल्या पोकळीतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा. त्यांच्यामुळे रेडिओलहरी मंदावतात आणि कमी वारंवारतेच्या लहरी अधिक मंदावतात. उसाच्या हंगामात संकेश्वराहून एकाच वेळी निघालेली मोटारसायकल आणि ट्रॅक्टर बेळगावात किती अंतराने पोहोचतात, यावरून वाटेत गर्दी किती होती याचा अंदाज यावा, तसे हे आहे. जे१९०९-३७४४ चे उदाहरण घेतले, तर एकाच क्षणी निघालेले स्पंदन १४०० मेगाहर्ट्झवर आल्यानंतर ४०० मेगाहर्ट्झवर जवळजवळ पाव सेकंद उशिरा येते. हा उशीर कायमचा तोच असता तर काही बिघडले नसते. पण पल्सर, पृथ्वी आणि मधला वायू हे तिघेही हलत असतात, सौरवाऱ्याची भर निराळीच, त्यामुळे वाटेतली इलेक्ट्रॉनसंख्या बदलत राहते. डिस्पर्शन मेझर या नावाने ती मोजतात. तिच्यात केवळ एक हजारांश एककाचा फरक पडला, तरी १४०० मेगाहर्ट्झवर सुमारे २ मायक्रोसेकंदांचा आणि ४०० मेगाहर्ट्झवर सुमारे २६ मायक्रोसेकंदांचा फरक येतो. हव्या असलेल्या संकेताच्या दहापट, शंभरपट. कमी वारंवारता या बाबतीत जितकी त्रासदायक, तितकीच उपयोगी, कारण जेथे परिणाम मोठा तेथेच तो नेमका मोजता येतो.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीचे महत्त्व यातच आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण आपण एका वेळी दोन गटांत वाटून घेऊ शकतो. एक गट ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर त्याच पल्सरकडे त्याच क्षणी पाहतो. इन्प्टा, म्हणजे इंडियन पल्सर टायमिंग ॲरे, या गटाने आपली मुख्य भिस्त याच गोष्टीवर ठेवली. २०२२ मध्ये त्याने १४ पल्सरांची साडेतीन वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. या गटात पुणे-मुंबईबरोबर रुरकी, भोपाळ, हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू येथील संस्थांतले आणि जपानच्या कुमामोतो विद्यापीठातले लोक आहेत. युरोपीय गटाकडे पंचवीस वर्षांच्या नोंदी होत्या, पण त्या प्रामुख्याने वरच्या वारंवारतेच्या. भारतीय नोंदी वर्षांनी थोड्या होत्या, पण वाटेतल्या गर्दीचा हिशेब त्यांनी चोख दिला. दोन्ही एकत्र का आल्या, हे यावरून कळेल.

दुसरा अडथळा पल्सरचा स्वतःचा. न्यूट्रॉन ताऱ्याचे बाह्य कवच आणि आतला अतिद्रव यांची गाठ नेहमीच घट्ट नसते, त्यामुळे त्याचे फिरणे वर्षानुवर्षांच्या मापाने संथपणे भटकते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती आपल्या भागाशी निगडित आहे. पहिला मिलिसेकंद पल्सर, बी१९३७+२१, १९८२ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीने सापडला. सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणाऱ्या त्या पल्सरच्या शोधकांत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म आमच्या सदलग्याच्या पलीकडच्या कुरुंदवाडचा आणि शालेय शिक्षण हुबळीचे. त्या शोधाने ही सारी पद्धत शक्य झाली, पण तो पल्सर स्वतः मात्र लहरींच्या शोधात फारसा कामाचा निघाला नाही, कारण वर्षांच्या मापाने तो बराच भटकतो. कधीकधी स्पंदनाचा आकारच बदलतो. जे१७१३+०७४७ हा सर्वांत भरवशाचा मानला जाणारा पल्सर एप्रिल २०२१ मध्ये अचानक बदलला आणि तो बदल जीएमआरटीच्या नोंदींतही स्पष्ट दिसला. प्रमाण आकार जुनाच वापरला असता, तर त्या तारखेनंतरच्या सगळ्या वेळा घसरल्या असत्या.

तिसरा आणि चौथा अडथळा आपल्याच बाजूचा आहे: घड्याळ आणि आपली जागा. यांच्याविषयी बोलताना मी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाचा दाखला देतो.

समजा, तुम्ही स्थानकावर हातात वही घेऊन बसला आहात आणि चारही बाजूंच्या गाड्यांच्या वेळा लिहिता आहात: उत्तरेकडून निपाणीमार्गे कोल्हापूरची, दक्षिणेकडून धारवाड-हुबळीची, पश्चिमेकडून चोर्ला घाटाने येणारी गोव्याची आणि पूर्वेकडून बागलकोटची. एखाद्या दिवशी एकटी कोल्हापूरची गाडी दहा मिनिटे उशिरा आली, तर तवंदी घाटात काहीतरी झाले असेल. त्यावरून कोणताच मोठा निष्कर्ष निघत नाही. चारही गाड्या दहा-दहा मिनिटे उशिरा आल्या, तर गाड्यांना दोष देण्याआधी स्वतःचे घड्याळ पाहावे, ते पुढे गेलेले असणार. कोल्हापूरची जितकी लवकर, तितकीच हुबळीची उशिरा, असे घडत असेल, तर तुम्ही समजता त्या जागी बसलेलेच नाही, थोडे उत्तरेला बसला आहात. पण कोल्हापूर आणि हुबळी या समोरासमोरच्या दोन्ही गाड्या उशिरा, त्याच वेळी गोवा आणि बागलकोटच्या दोन्ही लवकर, मग काही काळाने याच्या बरोबर उलट, असे घडू लागले, तर घड्याळाने किंवा जागेने त्याचा उलगडा होत नाही. रस्तेच एका दिशेने ताणले जात आहेत आणि काटकोनातल्या दिशेने आखडत आहेत, एवढाच अर्थ उरतो. गुरुत्वीय लहर अवकाशाचे नेमके हेच करते.

प्रत्यक्षातला नमुना बसस्थानकाइतका चौकोनी नसतो. रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये तो गणिताने काढला. सर्व दिशांनी येणाऱ्या लहरींची सरासरी घेतली, तर दोन पल्सरांच्या शिलकीतला परस्परसंबंध फक्त त्यांच्यामधल्या कोनावर अवलंबून राहतो. पूर्ण जुळणीला एक धरले, तर आकाशात अगदी शेजारी असलेल्या पल्सरांसाठी तो संबंध अर्धा. ४९ अंशांच्या आसपास शून्य. ८२ अंशांच्या सुमारास उणे ०.१५, १२२ अंशांजवळ पुन्हा शून्य, आणि समोरासमोरच्या पल्सरांसाठी पाव. शेजाऱ्यांचाही संबंध एक न होता अर्धाच का, असा प्रश्न चांगला विद्यार्थी येथे विचारतो. लहर दोन ठिकाणी काम करते: पृथ्वीपाशी आणि पल्सरपाशी. पृथ्वीपाशी पडणारा ताण सर्व पल्सरांना सामाईक असतो. पल्सरपाशी शेकडो-हजारो वर्षांपूर्वी पडलेला ताण मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. म्हणून शिलकीतला अर्धा भाग जुळतो आणि अर्धा कधीच जुळत नाही.

घड्याळ चुकले, तर हा संबंध सर्व कोनांना सारखाच येतो; जागा चुकली, तर तो कोनाच्या कोज्येप्रमाणे घटत जातो. लहरींचा वक्र या दोहोंहून वेगळा आहे. आपली 'जागा' म्हणजे येथे सूर्यमालेचे वस्तुमानकेंद्र, कारण सर्व वेळा आपण तेथे नेऊन मोजतो. ते केंद्र तीसेक मीटरांच्या हिशेबात ठाऊक हवे आणि ते सर्वाधिक हलते गुरूमुळे. गुरूची एक फेरी सुमारे १२ वर्षांची, म्हणजे आपल्या शोधाच्या अगदी मध्यावर येणारी! काही वर्षांपूर्वीच्या विश्लेषणांत ग्रहांचे वेगवेगळे पंचांग वापरले की लहरींचा निष्कर्षही बदलत असे. २०१६ मध्ये गुरूपाशी पोहोचलेल्या जुनो यानामुळे गुरूचे स्थान अधिक नेमके कळले आणि ही डोकेदुखी पुष्कळ कमी झाली.

घड्याळाबाबत माझीच एक फजिती सांगतो. या कामात नवा असताना एकदा मला दोन पल्सरांच्या शिलकीत शेवटच्या काही महिन्यांत सारखाच चढ दिसला. दोन्ही पल्सर आकाशात एकमेकांपासून दूर होते आणि दोन्हींची वारंवारता-दुरुस्ती नीट केलेली होती, त्यामुळे मला दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढेच विचारले, "घड्याळाची फाइल कधीची आहे?" वेधशाळेचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेशी जुळवणारी दुरुस्तीची फाइल मी सहा महिने ताजी केलेली नव्हती. चारही गाड्या उशिरा येत होत्या आणि मी दोनच पाहत होतो.

पन्नास-साठ पल्सर का, याचेही उत्तर येथेच मिळते. एका पल्सरला जोडी नाही. दोघांची एकच जोडी होते आणि तिचा कोनही एकच, म्हणजे वक्रावरचा एक बिंदू. २५ पल्सरांच्या ३०० जोड्या होतात, ६७ पल्सरांच्या २,२११. आणखी एक आकर्षक गोष्ट अशी की पार्श्वभूमीची गुणगुण प्रत्येक नोंदीतल्या गोंगाटाच्या वर आली की पुढे नुसती वर्षे वाढवून लाभ हळूहळूच वाढतो, तर पल्सर वाढवल्याचा लाभ लवकर दिसतो. चीनच्या गटाने फास्ट या ५०० मीटरच्या दुर्बिणीने ५७ पल्सर अवघ्या साडेतीन वर्षांच्या आत मोजून निष्कर्ष काढला, तो याच बळावर.

आता 'पुरावा' आणि 'शोध' यांच्याविषयी. २९ जून २०२३ रोजी, म्हणजे आषाढी एकादशीच्या दिवशी, अमेरिकेचा नॅनोग्रॅव्ह, युरोप व भारत यांचा संयुक्त गट, ऑस्ट्रेलियाचा पार्क्स गट आणि चीनचा गट यांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी मांडले. नॅनोग्रॅव्हचे ६७ पल्सर व १५ वर्षे, युरोप-भारताचे २५ पल्सर. सर्व पल्सरांत सारख्याच स्वरूपाचा संथ गोंगाट आहे, ही बाब त्याआधीच, २०२० च्या सुमारास स्पष्ट झाली होती. पण तेवढ्यावरून लहर सिद्ध होत नाही, कारण अनेक पल्सरांची स्वतःची भटकंतीही साधारण सारखी असू शकते. २०२३ मध्ये नवे होते ते जोड्यांमधल्या संबंधाचे त्या वक्राशी जुळणे. ते योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, हे पाहण्यासाठी संगणकात पल्सरांची आकाशातली स्थाने मुद्दाम हलवून, किंवा त्यांच्या नोंदींतील कला सरकवून, तोच हिशेब हजारो वेळा करतात. खरी मांडणी मोडल्यावरही तितकेच चांगले जुळणे किती वेळा मिळते, ते मोजतात. हे उत्तर सिग्मा या मापात सांगतात; सिग्मा जितके जास्त, तितकी योगायोगाची शक्यता कमी. नॅनोग्रॅव्हसाठी ते तीन ते चार सिग्मांच्या दरम्यान आले, युरोप-भारतासाठी तीनच्या आसपास, पार्क्ससाठी दोनच्या आसपास, तर चिनी गटाने एका विशिष्ट वारंवारतेला ४.६ दिले. भौतिकशास्त्रात शोध म्हणण्याची प्रथा पाच सिग्मांची आहे. माझे मत विचाराल, तर लहरी आहेत. तरीही 'शोध' हा शब्द राखून ठेवणे योग्यच होते. चारही गटांचे अनेक पल्सर सामाईक आहेत, म्हणून चार स्वतंत्र साक्षीदार मिळाले असे धरून त्यांच्या सिग्मांची बेरीज करता येत नाही. सर्व नोंदी एकत्र करून एकच विश्लेषण करणे हाच मार्ग आहे आणि आंतरराष्ट्रीय गटात ते काम चालू आहे.

हे स्वतः करून पाहायचे असेल, तर त्यासाठी खोडदला जावे लागत नाही. साधा लॅपटॉप पुरतो. टेम्पो२ किंवा पिंट यांपैकी एक मोफत प्रणाली घ्या. एखाद्या गटाने खुल्या केलेल्या नोंदींतून जे१९०९-३७४४ च्या दोन फाइली उतरवून घ्या, एक प्रतिमानाची आणि एक आगमनवेळांची. शिल्लक काढा; ती शून्याभोवती पसरलेली दिसेल. मग प्रतिमानात पल्सरचे स्थान पूर्व-पश्चिम दिशेने विकलेच्या (एका अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) दहाव्या भागाने सरकवा आणि पुन्हा आलेख काढा. सुमारे २३० मायक्रोसेकंद उंचीचा, बरोबर एका वर्षाचा हेलकावा समोर येईल. पूर्ण एक विकला सरकवू नका, कारण मग फरक अर्ध्या आवर्तनकाळाहून मोठा होतो आणि प्रणाली फेऱ्यांची मोजणी चुकते. त्यानंतर तीच कृती दुसऱ्या एका पल्सरवर करा, पण या वेळी प्रतिमानाला हात न लावता घड्याळाच्या दुरुस्तीची फाइल काढून टाका आणि दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून पाहा.